भाकरीला मोजे

फैजपूरच्या दुसऱ्या खेपेला मी कार्डं नेली नाहीत.
पहिल्या खेपेला नेली होती: सफरचंद, जहाज, पियानो.
चुडामणभाऊ कार्डाकडे बघायचे, मग माझ्याकडे,
मग खिडकीतल्या कूलरकडे,
जणू त्यालाच विचारावं, ही बाई काय मागून राह्यली.

सावद्याच्या मालधक्क्यावर चाळीस वर्षं
केळीचे घड मोजलेला माणूस.
झटक्यानंतर तोंडात एकच शब्द उरला: मंग.
पाणी हवं तरी मंग, नको तरी मंग,
नातीला हाक मारायची तरी मंग,
रडू आलं की मंग मंग मंग.
डॉक्टरांच्या कागदावर, आकलन या रकान्यात:
संशयास्पद.

आज नुसतीच बोलत बसले.
म्हटलं, ताईंनी कळण्याचं पीठ मळलं.
मान हलली.
ताईंनी भाकरी तव्यावर टाकली.
मान हलली, जरा कंटाळून. हे काय विचारणं झालं?
ताईंनी भाकरीला मोजे घातले.

कपाळाला एक आठी.
मग हसू, तोंडाच्या डाव्या अर्ध्यातून,
उजवा अर्धा तसाच लोंबता,
आणि खांदे इतके हलले की
खाट भिंतीला लागून टकटक वाजू लागली.

शिकत होते तेव्हा डोक्याला तारा लावून पाहिलं होतं:
शब्द जागेवर बसला नाही
की अर्ध्या सेकंदाच्या आत रेघ उसळते.
पण रेघ हे सांगत नाही
की कुठल्या कुठल्या खोल्यांत दिवा लागला.
भाकरी गरम असते. तिला पाय नसतात.
मोजे पायांचे, आणि मे महिन्यात
या जिल्ह्यात पायवालासुद्धा मोजे घालत नाही.
भाकरीला पाय नसतात
हे कुठल्या शब्दकोशात लिहिलंय?
शाळेत कुणी घोकून घेतलं?
चुडामणभाऊंचे शब्द गेले,
पण शब्दांखालची जमीन
बांधासकट, गोट्यांसकट, जागेवर होती.

तेवढ्यात शेवंताताई पाणी घेऊन आल्या,
जाता जाता म्हणाल्या,
"यंदा पिलं कापाची राह्यली वं माय. कोन कापीन आता?"

माझ्या हातातला पेला हिंदकळला.
पिलं. कापायची.
मला दिसली कोंबडीची, पिवळी,
मग मांजराची, डोळे न उघडलेली,
आणि ही बाई एवढ्या मायेने बोलणारी!

आता आठी माझ्या कपाळावर होती
आणि ती चुडामणभाऊंना दिसली.
त्यांनी डावा हात उचलला.
कोपरापासून ताठ उभा धरला, हे झाड.
मग बोटं त्याच्या बुडाशी नेल्यासारखी करून
एक, दोन, पाच, सात, जमिनीतून वर येणारी.
मग विळा. मग विळा. मग विळा.
एक बोट मात्र ठेवलं,
त्याला हळूच थोपटलं,
आणि माझ्याकडे बघून म्हणाले,
"मंग?"

समजलं, मी म्हटलं. केळीच्या बुडाची.
एक ठेवायचं, पुढच्या वर्षासाठी.

मग मी, उगाच हुशारी दाखवायला,
म्हटलं, आणि बाकीच्यांना मोजे घालायचे.
ते हसले नाहीत.
माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले,
मालधक्क्यावर कच्चा घड बाजूला काढताना
बघत असतील तसे,
आणि शेवंताताईंना खुणेने सांगितलं,
हिला जेवायला वाढ.

भरीत होतं. घासागणिक धुराचा वास.
कुठल्या काड्यांवर भाजलं ते कुणी सांगितलं नाही,
आणि या वेळी मी विचारलं नाही.
अंगणात शिरताना
कपाशीच्या काड्यांच्या ढिगाला
माझी ओढणी अडकली होती.